शाळेत नवीन माणूस घेताना: चारित्र्य पडताळणी नेमकी कशी करायची

बदलापूरच्या शाळेतला तो सफाई कामगार कंत्राटी पद्धतीने १ ऑगस्ट २०२४ ला कामावर आला. दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच बालवाडीतल्या दोन मुलींवर त्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली आणि २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्टेशनात रेल्वे अडवून धरली. त्या आठवड्यात मी आमच्या शाळेच्या फायली काढून बसले. शिक्षकांच्या फायली भरगच्च होत्या. रोज मुलींची स्वच्छतागृहं धुणाऱ्या माणसाच्या नावापुढे मात्र फक्त कंत्राटदाराचा फोन नंबर होता. मुख्याध्यापिका म्हणून ती चूक माझी होती.

तुम्ही नुकतेच मुख्याध्यापक झाला असाल, संस्थेच्या कार्यकारिणीवर नव्याने आला असाल किंवा आस्थापनेचं टेबल हाती आलेले लिपिक असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती क्रमाने सांगते.

आधी कायदा. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या शाळांना कर्मचाऱ्यांची पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी करून घ्यायला सांगितलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बंधन त्याच्याही आधीपासूनचं आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याखालच्या २०२० च्या नियमांतला तिसरा नियम सांगतो की शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी ठरावीक काळाने करायची. शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी. सीबीएसई शाळांना तर सप्टेंबर २०१७ मध्येच, गुरुग्राममधल्या एका विद्यार्थ्याच्या शाळेतल्या खुनानंतर, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मानसशास्त्रीय चाचणी करायचं परिपत्रक आलं होतं. (बोर्डाने सांगितलं असेल तर चाचणी जरूर करा. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. कागदावर कोणतं उत्तर चांगलं दिसतं हे हुशार माणसाला कळतं.)

पायरी पहिली: फाटकात उभं राहा

यादी ऑफिसात बसून करू नका. एक संपूर्ण दिवस, पहिली रिक्षा यायच्या आधीपासून ते शेवटचं मूल घरी जाईपर्यंत, फाटकापाशी थांबा आणि आत येणारं प्रत्येक मोठं माणूस वहीत लिहा. आमच्या मस्टरवर एकतीस नावं होती, वहीत त्रेपन्न झाली. खिचडी शिजवणाऱ्या ताई, त्यांच्या जागी कधीमधी येणारी त्यांची नणंद, बसचे ड्रायव्हर, बसमधल्या मावशी, रात्रीचे वॉचमन, कराटेचे सर, तबल्याचे गुरुजी, सुट्टीत गोळ्या-बिस्किटं विकायला फाटकाच्या आत येणारे काका. स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा-वीस दिवस नाच बसवायला येणारे दादा तर कुणाच्याच यादीत नसतात. पण मुलांचे कपडे बदलण्याच्या खोलीत सर्वांत जास्त वावर त्यांचाच असतो.

प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: हा माणूस कुठल्याही वेळी एखाद्या मुलासोबत एकटा असू शकतो का? उत्तर 'हो' असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला लागू. पगार कोण देतो, किती देतो, महिना किती दिवस येतो, याचा इथे संबंध नाही. एखाद्या दिवसाच्या कामासाठी आलेला प्लंबर किंवा कॅमेरे दुरुस्त करणारा मुलगा यांची पडताळणी करत बसता येणार नाही. त्यांच्याबरोबर आपला माणूस शेवटपर्यंत राहील एवढं पाहायचं, आणि शक्य असेल तेव्हा ते काम रविवारी ठेवायचं.

पायरी दुसरी: जाहिरात आणि अर्ज

जाहिरातीतच एक ओळ टाका: 'निवड झाल्यास पोलीस पडताळणी व आधीच्या सर्व नोकऱ्यांची चौकशी केली जाईल.' ही ओळ वाचून ज्याला अर्ज करावासा वाटत नाही, तो आपोआप गळतो.

बायोडाटा घेऊ नका, शाळेचा छापील अर्ज भरून घ्या. बायोडाट्यात माणूस त्याला हवं तेच सांगतो, अर्जात आपण विचारलेलं त्याला सांगावं लागतं. बारावीपासून आजपर्यंतचा सलग हिशेब मागा, महिन्यासकट. नोकरी नव्हती तर त्या काळात काय केलं, तेही. रिकामा काळ म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं धरून चालू नका. आईचं आजारपण असतं, बाळंतपण असतं, स्पर्धा परीक्षेची चार वर्षं असतात. पण विचारलं मात्र पाहिजे, आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवलं पाहिजे.

नावांचा रकाना मोठा ठेवा. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं, पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असतं. पुरुषही गॅझेटमध्ये देऊन नाव बदलतात. पोलिसांकडे एकच नाव गेलं तर दुसऱ्या नावावरचा गुन्हा सापडणार नाही. म्हणून आजवर वापरलेली सगळी नावं, आणि गेल्या पाच-सात वर्षांतले सगळे पत्ते घ्या.

शेवटी स्वयंघोषणा: माझ्यावर गुन्हा दाखल झाला आहे किंवा नाही, खटला चालू आहे किंवा नाही, कुठल्या शाळेतून मला कमी केलं किंवा राजीनामा द्यायला सांगितलं होतं किंवा नाही. खाली सही, आणि चौकशी करायला संमती देणारी वेगळी सही. या कागदाला वजन आहे. पडताळणीच्या अर्जात माहिती दडवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सविस्तर निकाल दिला आहे. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, आणि मालकाने निर्णय घेताना गुन्ह्याचं स्वरूप आणि पदाचं स्वरूप दोन्ही पाहिलं पाहिजे, असं तो सांगतो. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी तिसरी: कागद खरे आहेत का

मूळ कागद समोर ठेवून बघा, झेरॉक्सवर विश्वास नको. आधारवरचा क्यूआर कोड अधिकृत ॲपने स्कॅन करा, फोटो जुळतो का पाहा. पदवी डिजिलॉकरमध्ये असेल तर उमेदवाराला तिथूनच दाखवायला सांगा, नसेल तर विद्यापीठाला पडताळणीचं पत्र पाठवा. हे किचकट वाटेल. पण याच महाराष्ट्रात टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, गैरव्यवहारात ७,८८० उमेदवार अपात्र ठरवावे लागले होते. शिक्का मारलेला कागद हातात असणं आणि तो खरा असणं यातलं अंतर आपल्याला महाग पडलेलं आहे.

खोटी पदवी आणि मुलांना धोका यांचा थेट संबंध नाही, हे मान्य. पण जो माणूस अनुभवाचा दाखला स्वतः टाईप करून आणतो, त्याला आधीच्या शाळेशी आपलं बोलणं होऊ द्यायचं नसतं. ते का, हा प्रश्न मुलांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

पायरी चौथी: पोलीस पडताळणी

महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवरून चारित्र्य पडताळणीचा अर्ज करता येतो. अर्ज ज्या ठाण्याच्या हद्दीत उमेदवार राहतो तिथे जातो आणि तिथली गोपनीय शाखा पुढचं काम बघते. उमेदवार दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर ते अर्जात ठळक लिहा. परराज्यातून आलेला असेल तर तिथल्या पोलिसांचं प्रमाणपत्रही मागा.

फी शाळेने भरावी, असं माझं ठाम मत आहे. आठ-दहा हजारांवर काम करणाऱ्या मावशींकडून तपासणीचे पैसे घेणं बरोबर नाही, आणि पैसे मागितले की काम 'पुढच्या महिन्यात करू' म्हणून लांबत जातं.

अर्ज केल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. इथे सर्वांत जास्त शाळा घसरतात. जूनमध्ये शाळा सुरू होते, वर्गावर शिक्षक नाही, पालक ओरडत असतात, आणि 'अर्ज केलाय, येईलच' म्हणून माणूस रुजू होतो. प्रमाणपत्र येईपर्यंत त्याला वर्गावर पाठवू नका. अगदीच अडलं तर सोबत दुसरा शिक्षक ठेवा, आणि ही व्यवस्था कुणाच्या जबाबदारीवर आहे ते लेखी ठेवा.

प्रमाणपत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्या. त्या नावावर पोलीस दप्तरात काही नोंद आहे का, एवढंच ते सांगतं. लहान मुलांवरच्या अत्याचारांची तक्रार पुष्कळदा होतच नाही. घरचे अब्रूला घाबरतात, शाळा नावाला घाबरते. त्यामुळे ज्याने तीन ठिकाणी मुलांना त्रास दिला, त्याचंही प्रमाणपत्र स्वच्छ येऊ शकतं. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते, शाळेला नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. वर्ष आणि जिल्हा टाकावा लागतो, आणि एकाच नावाची दहा माणसं निघतात, म्हणून तिथे नाव दिसलं की लगेच तोच हा, असं समजू नका.

पायरी पाचवी: आधीच्या शाळेला फोन

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त वगळली जाते तीही हीच.

इंग्लंडमध्ये २००२ साली सोहम गावात एका शाळेच्या केअरटेकरने दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. त्याच्याविषयी आधी दुसऱ्या भागात पोलिसांकडे तक्रारी गेल्या होत्या, पण त्या नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचल्या नाहीत. त्यानंतर तिथे मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्या माणसांची यादी आणि ती तपासण्याची कायदेशीर व्यवस्था उभी राहिली. शाळेने उघडून बघावी अशी यादी आपल्याकडे नाही. ती माहिती आपल्याकडे फक्त माणसांच्या डोक्यात असते, आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाही.

अनुभव प्रमाणपत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. त्या शाळेचा नंबर स्वतः शोधा, दुसऱ्या पालकाकडून, केंद्रप्रमुखांकडून, कुठूनही. मुख्याध्यापकांशी बोला, ज्यांचं नाव उमेदवाराने सुचवलं आहे त्यांच्याशी नव्हे. फक्त शेवटच्या शाळेला नाही, जिथे जिथे मुलांबरोबर काम केलं त्या सगळ्या ठिकाणी.

'माणूस कसा आहे?' असं विचारलं की 'चांगला आहे' एवढंच उत्तर येतं. म्हणून प्रश्न नेमके ठेवा. कधीपासून कधीपर्यंत होते? स्वतःहून सोडलं का? वर्षाच्या मध्येच का सोडलं? मुलांच्या बाबतीत कधी तोंडी तरी तक्रार आली होती का? कधी समज द्यावी लागली का? आणि शेवटचा प्रश्न: 'सर, जागा असती तर तुम्ही यांना परत घेतलं असतं का?'

एकदा मी हा शेवटचा प्रश्न विचारला आणि पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. त्या उमेदवाराचं प्रमाणपत्र उत्तम होतं, पोलीस पडताळणी स्वच्छ होती, मुलाखतीत तो सर्वांत पुढे होता. पलीकडचे सर शेवटी म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला लेखी काही देऊ शकत नाही. पण तुमच्याकडे मुलींचा वर्ग त्यांना देऊ नका." मी त्याला घेतलं नाही. आजही वाटतं, त्या सरांनी वेळीच पोलिसांकडे जायला हवं होतं. पण मी फोन केलाच नसता तर तेवढंही कळलं नसतं.

कोण काय बोललं, तारीख, वेळ, सगळं फायलीत लिहून सही करा. 'फोन केला, ठीक आहे' असं लिहू नका. नुसत्या कुजबुजीवर माणूस नाकारायचाही नाही. दोन शाळा सारखंच काही सांगत असतील, दर वर्षी अकराव्या महिन्यात शाळा बदललेली असेल, कारणं जुळत नसतील, तर उमेदवाराला समोर बसवून विचारा. खरं कारण असेल तर तो सांगतो, आणि ते तपासता येतं.

पायरी सहावी: मुलाखत

विषयाच्या प्रश्नांबरोबर दोन प्रश्न मुलांविषयी असू द्या. 'सुट्टीत एक मुलगी रडत तुमच्याकडे आली आणि दार लावा म्हणाली, तर काय कराल?' 'सहकारी शिक्षक एका मुलाला वर्ग सुटल्यावर रोज थांबवतात असं दिसलं, तर?' बरोबर उत्तर पाठ करून कुणी येत नाही. पहिलं वाक्य ऐका. त्यात मूल आधी येतं की शाळेचं नाव, हे लगेच कळतं. मुलाखतीच्या मंडळात किमान एक बाई असावी, आणि बोलताना संस्थाचालकांचा नातेवाईक म्हणून कुणाला सूट मिळू नये. ओळखीच्या माणसाची पडताळणी करताना संकोच वाटतो, मला समजतं. पण मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

पायरी सातवी: कंत्राटदाराची माणसं

'ती आमची जबाबदारी नाही, एजन्सी बघते,' हे वाक्य शाळेतून हद्दपार करा. पोक्सोच्या नियमात कंत्राटी कर्मचाऱ्याचं नाव घेऊनच सांगितलं आहे.

करारात तीन गोष्टी घाला. माणसांची नावानिशी यादी, फोटो आणि आधारसह, काम सुरू व्हायच्या आधी शाळेला मिळेल. प्रत्येकाचं पोलीस प्रमाणपत्र शाळेच्या फायलीत राहील, एजन्सीच्या नाही. आणि यादीबाहेरचा माणूस एक दिवसही येणार नाही. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, कारण सोमवारी नेहमीचा माणूस आजारी असतो आणि कंत्राटदार त्याच्या भावाला पाठवून देतो. वॉचमनकडे यादी लॅमिनेट करून द्या. नाव नसेल तर फाटक उघडायचं नाही, मग स्वच्छतागृह एक दिवस आपण धुऊ. आम्ही तसं दोनदा केलं आहे.

बसच्या बाबतीत महाराष्ट्रात स्कूल बसचे २०११ चे वेगळे नियम आहेत आणि शाळेत परिवहन समिती असते. ड्रायव्हर आणि मदतनीस यांची कागदपत्रं त्या समितीसमोर ठेवा. पालकांनी परस्पर लावलेल्या व्हॅन आणि रिक्षा शाळेच्या नसतात, तरी त्यांची यादी करून पालकसभेत पालकांच्या हाती द्या.

नोंद सापडली तर

लगेच दार बंद करू नका आणि लगेच माफही करू नका. लहान मुलांवरचा, लैंगिक किंवा हिंसेचा गुन्हा असेल तर शाळेत जागा नाही, इथे माझ्या मनात शंका नाही. आंदोलनात सहभाग, शेताच्या बांधावरून भावकीतलं भांडण, पंधरा वर्षांपूर्वीचा निर्दोष सुटलेला खटला, याचा वेगळा विचार करावा लागतो. उमेदवाराला कागद दाखवा, त्याचं म्हणणं लेखी घ्या, दोन-तीन जणांनी मिळून ठरवा, कारण लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. महाराष्ट्रात पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय अजून गेलेला नाही. 'त्या वस्तीतला आहे' ही पडताळणी नव्हे. जात, धर्म, वस्ती, परप्रांतीय असणं, यावरून माणूस नाकारणारी शाळा अन्याय करते, आणि स्वतःच्याच ओळखीतल्या, चांगल्या घरातल्या, गोड बोलणाऱ्या माणसाकडे तिचं दुर्लक्ष होतं.

रुजू झाल्यावर

पहिल्याच दिवशी मुलांशी वागण्याचे नियम वाचून दाखवा आणि सही घ्या: एका मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, मुलांना वैयक्तिक फोनवर मेसेज करायचे नाहीत, घरी बोलवायचं नाही, लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्याचं काम फक्त मावशी करतील. सहा महिने लक्ष ठेवा. पडताळणीच्या फायली कुलपात ठेवा. त्यात माणसांची खासगी माहिती असते, ती स्टाफरूममध्ये चर्चेला येता कामा नये. पोलीस पडताळणी आम्ही दर तीन वर्षांनी पुन्हा करतो, वीस वर्षं नोकरी झालेल्यांचीही, आणि सुरुवात माझ्यापासून केली. त्यामुळे कुणी नाराज झालं नाही.

आणि इतकं करूनही एखाद्या दिवशी एखादं मूल काही सांगेल. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेत चौकशी करू, संस्थेची मीटिंग घेऊ, असं नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कुठलीही कारवाई होत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये आहे. मुलाच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

तेव्हा कुणीतरी म्हणेल, राजीनामा घेऊन टाका, शाळेचं नाव कशाला खराब करायचं. तो राजीनामा घेऊन तो माणूस पुढच्या तालुक्यातल्या शाळेत अर्ज करेल, आणि तिथली मुख्याध्यापिका तुम्हाला फोन करेल. ती विचारेल, 'सर, तुम्ही यांना परत घेतलं असतं का?' गुन्हा नोंदवलेला असेल तर तुम्हाला तिला सरळ उत्तर देता येईल.